खड्डे भरायचे, तेही पोकळीने

डबा उघडला की आत मैदा असावा असं वाटतं. पांढरी, मऊ, चिमटीतून निसटून जाणारी भुकटी. पण डबा हातात घेतला की माणूस चक्रावतो. पाच लिटरचा डबा आणि वजन धड एक किलोही नाही. समोर कुणी शिंकलं तर निम्मा माल छताला जाऊन लागेल. पाण्यावर टाकली तर तरंगत राहते. आणि ही भुकटी असते काचेची.

काच पाण्यापेक्षा अडीचपट जड. मग ती तरंगते कशी? भिंगाखाली धरली की उत्तर मिळतं. प्रत्येक कण म्हणजे एक पोकळ गोळी असते, केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून बारीक. कवच इतकं पातळ की काच नावालाच, बाकी सगळी पोकळी. यांना मायक्रोबलून म्हणतात, म्हणजे सूक्ष्म फुगे. घरी विमान बांधणारी मंडळी तेवढंही म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी नुसतं ‘मायक्रो’. हे मायक्रो एपॉक्सीत, म्हणजे कडक वाळणाऱ्या राळेत, कालवायचं आणि विमानाच्या अंगावरचे खड्डे त्याने बुजवायचे. खड्डा भरायचा तो पोकळीने, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसलो होतो.

घरी विमान म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या चारकोपमधली गच्ची आठवते. कॅप्टन अमोल यादव यांनी तिथे बांधलेलं विमान २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. ते धातूचं, पत्र्याची दुखणी वेगळी. मी सांगतोय ती गोष्ट कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात सुरू होते. तिथे बर्ट रुटान नावाच्या अभियंत्याने १९७५ साली ‘व्हॅरीईझी’ नावाचं छोटं विमान उडवलं, आणि चार वर्षांनी त्याचं थोरलं भावंड, ‘लाँग ईझी’. शेपटीऐवजी नाकाशी एक छोटा पंख, इंजिन पाठीमागे, बसायला एकामागे एक अशा दोन जागा. रुटान विमानं विकत नव्हता. नकाशे आणि सूचनांची पुस्तकं विकत होता. ती घेऊन हजारो लोक आपापल्या गॅरेजात शिरले.

पंख कसा करायचा? गणपतीच्या मखरासाठी तापलेल्या तारेने थर्माकोल कापलेला ज्यांना आठवतो, त्यांना निम्मी विद्या येतेच. निळ्या फोमचा ठोकळा घ्यायचा, दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे फर्मे ठोकायचे, आणि दोघांनी तापलेली तार दोन बाजूंनी धरून फर्म्यांवरून ओढत न्यायची. फर्म्यांवर आकडे लिहिलेले असतात. तार त्या त्या खुणेवर आली की मोठ्याने आकडा म्हणायचा, म्हणजे दोघांची चाल सारखी राहते. पंख कापताना त्या गॅरेजात पाढे म्हटल्यासारखा आवाज येत असणार. मग या फोमवर काचेचं कापड आणि एपॉक्सी. झाला पंख.

पण खडबडीत. साच्यातून निघालेल्या मूर्तीचा चेहरा गुळगुळीतच बाहेर येतो, कारण गुळगुळीतपणा साच्यात आधीच कोरलेला असतो. हाताने घडवलेल्या मूर्तीचा चेहरा घासून घासून काढावा लागतो. रुटानची पद्धत ही दुसऱ्या जातीची. एका विमानासाठी साचा करायचा तर साचा करण्यातच विमानाहून जास्त कष्ट, म्हणून त्याने साचाच काढून टाकला. त्याची किंमत शेवटी मोजावी लागते. कापडाची वीण वर दिसते, जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढले तिथे पायरी, जिथे फोम जरा जास्त कापला गेला तिथे खळगा. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं, चाकं लागली, आणि मालक आनंदाने म्हणतो, नव्वद टक्के झालं. जुने जाणते हसून सांगतात, हो, आता फक्त नव्वद टक्के राहिलं.

आपल्याकडचा रंगारी अशा वेळी काय करील? लांबी भरील. सुतारकाम असो, भिंत असो की ठोकलेली मोटार, लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमरचा हात, मग रंग. विमानालाही क्रम हाच. फरक एकच, पण तो जीवघेणा आहे: भिंतीला उडायचं नसतं.

थोडा हिशेब करू. समजा अशा विमानाचा सगळा बाहेरचा पृष्ठभाग तीस चौरस मीटर धरला आणि त्यावर सरासरी एक मिलिमीटर लांबी राहिली, तर ती भरते तीस लिटर. गॅरेजातली साधी मोटारीची पुट्टी पाण्याच्या दीडपटीहून जड असते, म्हणजे ४५ किलोच्या वर वजन गेलं. कोरडं कालवलेलं मायक्रो पाण्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे १५ किलो. लाँग ईझीचं नकाशाबरहुकूम रिकामं वजन सुमारे ३२० किलो आणि भरल्यावरची मर्यादा सुमारे ६००. दोन माणसं, पेट्रोल, बॅगा, सगळं या मधल्या २८० किलोंत बसवायचं. त्यातले तीस किलो नुसत्या लांबीला देऊन टाकणं म्हणजे एखादं मोठं पोर कायमचं कडेवर घेऊन उडण्यासारखं.

मोटारीच्या पुट्टीची दुसरीही खोड आहे. ती पॉलिएस्टरची, एपॉक्सीवर तिची पकड एपॉक्सीएवढी भरवशाची नसते आणि वाळताना ती आक्रसते. तरीही रुटानच्या गॅरेजात तिला मान होता, तात्पुरत्या डिंकासारखा. एखादा भाग जागेवर धरून ठेवायचा असेल तर दोन ठिपके पुट्टीचे, आणि काम झालं की ठोकून काढून टाकायची. पंखावर ठेवण्याची वस्तू ती नव्हे.

मायक्रो कालवणं हे मात्र थेट स्वयंपाकघरातलं काम वाटतं. एपॉक्सी आणि हार्डनर हे दोघं काट्यावर तोलून, अगदी काटेकोर. तिथे अंदाजपंचे चालत नाही. पण त्यात भुकटी किती घालायची ते हाताच्या अंदाजाने. समान भाग घातली तर डोशाच्या पिठासारखं सरसरीत मिश्रण होतं. हे कापड चढवण्याआधी फोमवरच फासतात, कारण फोमची भोकं नाहीतर जड एपॉक्सी पिऊन टाकतील. दुप्पट-चौपट घातली की भज्यांच्या पिठासारखं. त्याने फोमचे ठोकळे एकमेकांना चिकटवायचे. आणि पाचपटीच्या पुढे गेलात की थालीपिठाचा गोळा. भांडं उलटं केलं तरी पडत नाही, उभ्या भिंतीवर थापलं तरी ओघळत नाही. खड्डे भरायचे ते याने. नवखा माणूस इथे हटकून चुकतो. कोरडं मिश्रण थापायला त्रास होतो, फाटत जातं, म्हणून तो भुकटी कमी घालतो. थापणं सोपं होतं, विमान जड होतं, आणि घासायला दगडासारखं कठीण. मिश्रणात कापसाचे तंतू घालण्याचाही एक प्रकार आहे, त्याला फ्लॉक्स म्हणतात. तो भक्कम आणि जड. सांध्यांना, कोपऱ्यांना त्याची गरज असते. खड्ड्यात त्याचं काही काम नाही.

थापण्याआधी एक साधी गोष्ट, जी विसरली तर सगळं मुसळ केरात. काही एपॉक्सी वाळताना वर मेणासारखा पातळ थर सोडतात. बोटाला किंचित चिकट लागतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग पृष्ठभाग घासून चकाकी घालवायची. चमकणारा एक ठिपकाही राहिला तर तिथे मायक्रो धरणार नाही, नि काही वर्षांनी पापुद्रा सुटेल.

आणि आता घासणं. यावर लिहायला लागलं की थांबवत नाही, कारण सगळी कारागिरी इथे आहे. हातात पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन बोटांनी घासायचं नाही. बोटं खड्ड्यात शिरतात आणि खड्डा आणखी खोल करतात. हातभर लांबीची सरळ फळी घ्यायची, तिला खरखरीत कागद चिकटवायचा, आणि पंखावर तिरप्या रेघा ओढल्यासारखी चालवायची, आधी एका बाजूला तिरकी, मग दुसऱ्या. गवंडी गिलाव्यावर रंधा फिरवतो ना, तसंच: लांब पट्टी उंचवट्यांवरून जाते आणि खड्ड्यांना शिवतच नाही. पंखाच्या पुढच्या गोलाईला ताठ फळी चालत नाही, तिथे वाकणारी पातळ पट्टी लागते.

पण कागद आंधळा असतो. मऊ आधी खातो, कठीण मागे ठेवतो. समजा तुम्ही खड्ड्याखड्ड्यापुरतं मायक्रो भरलंत. आता घासायला बसलात तर भरलेली जागा मऊ, भोवतालचं काचेचं कापड कठीण. घासता घासता खड्डा पुन्हा तयार. पुन्हा भरा, पुन्हा घासा, पुन्हा तोच. हा फेरा अनेकांनी महिनोन्‌महिने फिरला आहे. तोड अशी की सगळ्या पंखावर एकाच बैठकीत, एकाच हाताने थर द्यायचा. कठीण काही वर राहूच द्यायचं नाही. मग पंचाण्णव टक्के माल घासून जमिनीवर पडतो आणि खड्ड्यात उरतं तेवढंच विमानाबरोबर उडतं. धूळ इतकी होते की मालक पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. तोंडावर चांगला मास्क हवाच; काचेची ती धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नाही. आणि घासताना कापडाची वीण दिसू लागली की हात तिथेच थांबला पाहिजे. वर भरलेला माल म्हणजे रूप, खालचं कापड म्हणजे ताकद. पंखाचं सगळं बळ त्या काही पातळ पदरांत असतं. गुळगुळीत करण्याच्या नादात एक पदर घासून टाकणारा माणूस विमान सुंदर करतोय आणि अशक्त करतोय.

पृष्ठभाग झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार काय? म्हणून गडद रंगाचा एक धुरकट फवारा मारतात आणि फळी हलकेच फिरवतात. उंच जागचा रंग निघून जातो, खोलगटात राहतो. नकाशाच तयार होतो. नाहीतर ट्यूबलाइटखाली पंख ओला करून त्यातलं प्रतिबिंब बघायचं. नळी सरळ दिसली तर पंख सरळ, नळी नागमोडी दिसली तर फळी हातात घ्या.

त्यानंतर शेवटचा छळ, टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मायक्रो कोरडं असल्यामुळे त्यात हवेचे बुडबुडे राहतातच. घासलं की ते उघडे पडतात. रंग त्यांच्यावरून साय धरल्यासारखा पसरतो, छान दिसतो, आणि पहिल्या उन्हात आतली हवा फुगली की साय फुटते. यावर अशी विमानं बांधणाऱ्यांच्या जगात एक सुरेख उपाय रूढ झाला. भुकटी न घातलेलं निव्वळ एपॉक्सी लवचीक पट्टीने पृष्ठभागावर ओढायचं, इतकं पातळ की जणू पुसूनच घ्यायचं, असे चार-पाच हात एकामागून एक. ते भोकांत उतरतं आणि वर जवळजवळ काही उरत नाही. आता भोकं बुजवणारे, पाण्यात मिसळणारे एपॉक्सी प्रायमरही मिळतात, रोलरने लावायचे. सोयीचे आहेत. पण रोलरवाल्या माणसाने किती हात दिले आणि त्यातले किती घासून काढले, याचा हिशेब शेवटी वजनकाट्यावरच होतो.

एवढा आटापिटा दिसण्यासाठी? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी पावसाची गोष्ट वाचली.

व्हॅरीईझी आणि सुरुवातीच्या लाँग ईझीच्या नाकाजवळच्या छोट्या पंखाला, म्हणजे कॅनार्डला, ग्लासगो विद्यापीठात तयार झालेला एक आकार दिलेला होता. त्यावरून वारा फार शिस्तीत वाहतो. नळ अगदी थोडा सोडला तर पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी स्थिर दिसते आणि थोडी खाली गेल्यावर विस्कटते, तसंच वाऱ्याचं. पंखाच्या पाठीवरून तो जितका वेळ त्या काचेच्या कांडीसारखा राहील तितका अडथळा कमी. पण विमान पावसात शिरलं की कॅनार्डवर थेंबांची पुरळ उठायची, वारा विस्कटायचा, कॅनार्डची उचल कमी व्हायची, आणि वैमानिकाला जाणवायचं की नाक हळूच खाली चाललंय. दांडी मागे ओढून ते सावरता येई. गंमत अशी की हा परिणाम दर विमानात वेगळा असायचा, कारण दर विमानाचा कॅनार्ड वेगळ्या हातांनी घासलेला होता. नकाशा एक, आणि पावसात प्रत्येकाची चाल निराळी! पुढे पंखांचे आकार आखणाऱ्या जॉन राँझ यांनी पावसाला न जुमानणारा नवा आकार काढला आणि लाँग ईझीवाल्यांनी तो आपलासा केला. १९८६ साली न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा घालणाऱ्या रुटानच्याच ‘व्हॉयेजर’ला पावसाचा हा त्रास टाळण्यासाठी कॅनार्डवर छोटी छोटी उभी पाती चिकटवावी लागली होती.

थेंब काय, माशी काय, रंगाच्या पट्टीची कड काय, वाऱ्याला सगळं सारखंच. मास्किंग टेप काढल्यावर रंगाची जी कड नखाला लागते, ती योग्य जागी असली तर वारा विस्कटायला पुरते. स्पर्धेत उतरणाऱ्या ग्लायडरवाल्यांचं या बाबतीतलं वेड ऐकावं तेवढं थोडं. उडताना पंखाच्या धारेवर चिलटं चिकटतात म्हणून काहींनी पंखभर सरकत जाऊन ती पुसून काढणारी यंत्रं बसवली आहेत, आकाशात असताना चालणारी! दोन पायांचं मोजमाप पंखावर फिरवून ते लाटांची उंची तपासतात आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत आणायला बघतात. आणि हीच माणसं पंखाच्या खालच्या अंगाला मुद्दाम नागमोडी पट्टी चिकटवतात, कारण तिथे वारा नेमक्या जागी विस्कटलेला त्यांना हवा असतो. गुळगुळीत पाहिजे ते तिथेच, जिथे वाऱ्याला पाहिजे.

चकाकीचं तसं काही नाही. आरशासारखा चमकणारा पण लाटा असलेला पंख वाऱ्याला पसंत नाही. मंद दिसणारा पण सरळ पंख त्याला चालतो. बक्षिसं देणाऱ्या परीक्षकांचं उलट असू शकतं. तुम्हाला कुणाला खूश करायचंय ते आधी ठरवा.

राहिला रंग. अशी विमानं आणि जगातले जवळपास सगळे काचेचे ग्लायडर पांढरेच का, हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं ‘स्वच्छ दिसतात’ असं ठोकून देतात. खरं कारण ऊन. खोलीच्या तापमानाला वाळलेलं एपॉक्सी साठ-ऐंशी अंशांच्या दरम्यान कुठेतरी मऊ पडू लागतं. आतला निळा फोमही पंचाहत्तरच्या पुढे भरवशाचा राहत नाही. एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या काळ्या सीटवर जे बसले आहेत त्यांना काळा रंग काय करतो हे सांगायला नको. काळा पंख त्या मर्यादा ओलांडून जातो, पांढरा अलीकडे थांबतो. जर्मनीत काचेच्या ग्लायडरची ताकद ५४ अंशांना तापवून तपासण्याची पद्धत पडली, आणि हा आकडा गृहीत धरतो की वरचा रंग पांढरा आहे. म्हणजे इथे रंग हा सांगाड्याचाच एक भाग झाला. पंखाला तांबड्या-निळ्या पट्ट्या बारीक चालतील. अख्खा पंख काळा केला तर तुम्ही विमानाचं डिझाइन बदललं.

उन्हाचा दुसरा मारा अतिनील किरणांचा. उघडं एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि हळूहळू भुकटी होऊन झडतं. म्हणून पांढऱ्याच्या खाली किरण अडवणारा प्रायमरचा थर हवा. त्यातूनही एक गमतीचा अनुभव अनेकांना पहिल्या उन्हाळ्यानंतर येतो: आरशासारख्या रंगातून कापडाची वीण पुन्हा वर उमटते, जणू विमानाने आपल्या जन्माची आठवण करून दिली. एपॉक्सी उन्हात आणखी पक्कं होतं आणि थोडं आक्रसतं, त्याचा हा ठसा. शहाणे लोक रंगाआधीच पंख हलका शेकून घेतात.

रंग कोणता, तर दोन भागांचा पॉलियुरेथेन. टिकतो, लवचीक असतो, पेट्रोल सांडलं तरी विरघळत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि फवारताना ते फुफ्फुसांचा कायमचा घात करू शकतात. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर हे काम स्वतः करू नका, व्यवस्था असलेल्या माणसाकडे न्या. ज्यांना धातूच्या चकाकीचा मोटारीसारखा रंग हवा असतो त्यांनी एक लक्षात ठेवावं की अशा विमानांत रेडिओचे अँटेना तांब्याच्या पट्टीचे असतात आणि पंखाच्या कातडीतच लपवलेले असतात. काचेतून रेडिओलहरी आरपार जातात. वर धातूची पूड फवारली तर मुक्याने बोलण्याचा प्रयत्न. आणि रंग बिघडला तर? मोटारीचा रंग सोडवणारं रसायन इथे आणू नये. ते रंगाबरोबर एपॉक्सीलाही खातं. उतरवायचा तो घासूनच. म्हणजे पुन्हा फळी, पुन्हा गिरणी.

सगळ्यात नाजूक जागा शेवटी. कॅनार्डमागे हलणारं पातं, पंखामागचं तसंच पातं म्हणजे एलेरॉन, ही बिजागरीवर तोललेली असतात. बिजागरीच्या मागे रंगाचा एक जादा हात बसला की तोल मागे जातो, आणि तोल गेलेलं पातं वेगात फडफडू लागतं, वाऱ्यावरच्या झेंड्यासारखं. झेंडा फाटतो, पातं फाटलं तर सांगायला कुणी उरत नाही. म्हणून रंगवल्यावर प्रत्येक पातं काढून पुन्हा तोलून बघतात, आणि नसेल जमत तर रंग घासून काढतात. कितीही सुंदर उतरला असला तरी.

मला कुणी विचारलं तर माझं मत सरळ आहे. मायक्रो जमेल तेवढं कोरडं. थर एकदाच, सगळीकडे. रंग साधा पांढरा, एकाच हाताचा, वर पारदर्शक थर नको. ओरखडा आला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. कॅनार्डच्या पाठीवर पट्टी नको, नाव नको, काही नको. आणि नाव लिहायचीच हौस असेल तर विमानाच्या पोटाला लिहा. तिथे वाऱ्याला फारसं काही वाटत नाही.